प्रॉडक्शनवर टेस्टिंग

मागच्या शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. शनिवारी साडेसातला फोन म्हणजे एक तर सर्व्हर पडलाय, नाहीतर गावाकडे काहीतरी झालंय. बघतो तर बाबा.

"तुह्या मोठ्या बाबाचं ठरलं. स्टेम सेलचं इंजेक्शन घेणार हाय. नाल्याकडचं दोन एकर काढतो म्हणते."

झोप उडाली.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात. घाटंजी तालुक्यात आमचं गाव, कापूस आणि तूर, बस्. मोठे बाबा आता ६६ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, जसं काही तंबाखू मळतायत. मग पाऊल अडखळायला लागलं. यवतमाळ झालं, नागपूर झालं, निदान झालं: पार्किन्सन. तेव्हापासून दिवसातून चार वेळा सिन्डोपाची गोळी.

आणि आता कोणीतरी त्यांना व्हिडिओ फॉरवर्ड केला. एका मोठ्या शहरातलं क्लिनिक, पांढरा कोट, मागे इंग्रजी संगीत, आधी लटपटणारा आणि नंतर ताडताड चालणारा माणूस. तीन सेशनचं पॅकेज, साडेपाच लाख, पैसे आधी.

तर मंडळी, आजची पोस्ट भांडणाची आहे. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल ही गोष्ट आपल्या लोकांपर्यंत चुकीच्या टोकानं पोचली आहे. जे काम तिला अजून नीट जमत नाही, त्यासाठी आपली माणसं वावर विकायला निघालीत. आणि जे काम ती आज, आत्ता करू शकते, म्हणजे आपल्या फवाऱ्याच्या पंपात नेमकं काय आहे आणि ते मेंदूचं काय करतं हे तपासणं, ते काम यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी तिच्याकडून करून घ्यायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आधी रोग थोडक्यात. मेंदूच्या मधल्या भागात एक छोटा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. त्या मरायला लागल्या की हालचालीचं गणित बिघडतं. हात थरथरतो, अक्षर बारीक होत जातं, चेहरा कोरा पडतो. वाईट गोष्ट ही की हात हलायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. म्हणजे बग आज दिसतो, पण कोडमध्ये तो शिरलेला असतो दहा-वीस वर्षांपूर्वी.

जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या रोगावर पुस्तिका लिहिली. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. खाजकुयलीच्या बियांमधून लेव्होडोपा वेगळा काढल्याचं दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली छापलं होतं. मोठे बाबांच्या गोळीतलं मुख्य द्रव्य तेच. (म्हणून बिया कुटून खाऊ नका, डोस कळत नाही.) पण गोळीनं लक्षणं आवरतात, पेशींचं मरण थांबत नाही. आमच्या भाषेत हॉटफिक्स.

आता क्लिनिकवाल्यांकडे येऊ.

पार्किन्सनवर स्टेम सेलचे खरे प्रयोग चालू आहेत, आणि ते भारी आहेत. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूत प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी सोडल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशींची जणू रोपंच. त्या चाचणीचे निष्कर्ष 'नेचर'मध्ये आले एप्रिल २०२५ मध्ये. किती रुग्ण होते? सात. त्याच सुमारास अमेरिका-कॅनडातल्या चाचणीचे निष्कर्ष आले, तिथे बारा. पेशी जगल्या, गंभीर अपाय दिसला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. पण दोन्ही चाचण्या मुख्यतः सुरक्षितता बघायला होत्या, आणि तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता. सात अधिक बारा, एकोणीस माणसं. आपण एकोणीस युजर्सवर बीटा काढतो, रिलीज नाही.

घाई केली की काय होतं तेही नोंदलेलं आहे. २००१ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत घातल्या होत्या. त्यातल्या काहींना पुढे औषध बंद करूनही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. मेंदूत घातलेली पेशी रोलबॅक करता येत नाही.

आणि मोठे बाबांच्या क्लिनिकचं पॅकेज? कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. त्या पेशी तिथून मेंदूत जाऊन डोपामिनचं दुकान उघडतात याला पुरावा नाही. क्योटोवाल्यांनी कवटीला छिद्र पाडून नेमक्या जागी वेगळ्याच पेशी सोडल्या होत्या. दोन्हीला 'स्टेम सेल' म्हणायचं म्हणजे एक्सेल शीटलाही सॉफ्टवेअर आणि इस्रोच्या कोडलाही सॉफ्टवेअर म्हणण्यासारखं. शब्द खरा, धंदा खोटा.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार सोडले, तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, फक्त मंजूर चाचणीतच वापरायचा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. एवढं एकच वाक्य घरी फोन करून सांगा: पैसे मागितले म्हणजे ते संशोधन नाही.

इथपर्यंत बरेच जण माना डोलावतील. क्लिनिकला शिव्या घालणं सोपं आहे. आता जरा अवघड भाग.

२००६ साली शिन्या यामानाकानं उंदराच्या साध्या पेशी रीसेट करून त्यांना मूलपेशी बनवलं, २००७ मध्ये माणसाच्या. २०१२ ला नोबेल. म्हणजे आता तुमच्या रक्ताच्या नमुन्यातून तुमच्याच जनुकांच्या मेंदूपेशी काचेच्या बशीत वाढवता येतात. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी याच्या पुढचं केलं: या पेशी स्वतःच गोळा होऊन मेंदूच्या कच्च्या रचनेसारखा काही मिलिमीटरचा गोळा बनवतात, तो ऑर्गनॉइड. २०१६ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी खास मिडब्रेनचा ऑर्गनॉइड केला, आणि त्यात तो काळा रंगसुद्धा तयार झाला. तो गोळा विचार करत नाही, त्याला दुखत नाही. पण पार्किन्सनमध्ये मरणारी नेमकी पेशी त्यात जिवंत असते.

आपल्या धंद्यात पहिला नियम काय? बग रिप्रोड्यूस झाल्याशिवाय फिक्स होत नाही. पार्किन्सनचं दुखणं हेच होतं की माणसाचा मेंदू उघडून तो रिप्रोड्यूस करता येत नव्हता. ही बशी म्हणजे पहिल्यांदाच मिळालेलं टेस्ट एन्व्हायर्नमेंट. प्रॉडक्शनला हात न लावता रसायन टाका आणि पेशी मरते का बघा.

रसायनांवर संशय का? १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी लोक अचानक म्हाताऱ्यांसारखे ताठरले. चोरट्या ड्रगमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं, त्यानं नेमक्या याच पेशी मारल्या. शरीरात त्याचं जे रूप होतं, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती. २०११ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्या लोकांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. युरोपात ते २००७ पासून बंद आहे.

आणि आता माझ्या डोक्यात भुंगा सोडलेला अभ्यास. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि हार्वर्डच्या लोकांनी प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात कुठल्या शेतात, कधी, कोणतं कीटकनाशक, किती फवारलं याच्या नोंदी १९७० च्या दशकापासून आहेत. त्या नोंदी आणि रुग्णांचे पत्ते जुळवून त्यांनी २८८ कीटकनाशकं तपासली. ५३ चा पार्किन्सनशी संबंध दिसला. त्यातली ३९ त्यांनी पार्किन्सनच्या रुग्णाच्या पेशींपासून बशीत वाढवलेल्या डोपामिन पेशींवर टाकून पाहिली. १० रसायनांनी पेशी सरळ मारल्या. यादीत एन्डोसल्फान आहे, डायकोफॉल आहे, ट्रायफ्लुरालिन आहे, कॉपर सल्फेट आहे, म्हणजे आपलं मोरचूद, जे संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणात जातं.

पण माझी नजर अडकली ती कापसावर. कापसाच्या शेतात एकत्र वापरली जाणारी औषधं त्यांनी एकत्र टाकून पाहिली, तर सुट्या औषधापेक्षा मिश्रण जास्त घातक निघालं.

कापूस. मिश्रण. यवतमाळचा माणूस हे दोन शब्द वाचून पुढे जाऊच शकत नाही.

२०१७ चा पावसाळा. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, आणि माणसं तिच्यात शिरून फवारा मारत होती. डोळ्यांची आग, उलट्या, शुद्ध हरपणं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. सरकारनं एसआयटी नेमली. आणि मग सगळी चर्चा आली कशावर? हातमोजे आणि मास्क का नाही घातला यावर. युजरनं मॅन्युअल वाचलं नाही, तिकीट क्लोज्ड.

पंपात काय असतं ते ज्यानं पाहिलंय त्याला विचारा. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वरून टॉनिक, आणि १९:१९:१९ चं विद्राव्य खत, सगळं एकाच पाण्यात. मजुरी एकदाच पडते म्हणून. सरकार दरबारी नोंदणी होते बाटलीची, पंपातल्या रश्शाची नाही. युनिट टेस्ट सगळ्या पास, इंटिग्रेशन टेस्ट कोणी केलीच नाही. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण बघितलाय? तो सांगतो की हे विष पोटात किंवा अंगावर गेलं तर किती मात्रेला जीव घेईल. वीस वर्षांनी हात हलेल का, याला त्रिकोण नाही. १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला तेव्हा ते तपासायची सोयच नव्हती, मान्य. आता आहे.

तुम्ही म्हणाल, घातक औषधांवर बंदी येतेच की. येते ना. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं आली, ट्रायफ्लुरालिनवर २०१८ मध्ये, डायकोफॉलवर २०२३ मध्ये. पण मोठे बाबा पहिला पंप पाठीवर घेऊन १९८० च्या आसपास वावरात उतरले. बंदीचा पॅच येईपर्यंत सिस्टिम तीस-चाळीस वर्षं उघडी होती.

इथे मी स्वतःलाच थांबवतो. मोठे बाबांचा पार्किन्सन फवाऱ्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही. म्हणू शकत नाही. हा रोग शेतात पाय न ठेवलेल्यांनाही होतो. माझा राग याच गोष्टीचा आहे की हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण लॉगच नाही. कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी बशीत जादू केली नाही. त्यांच्याकडे पन्नास वर्षांचा लॉग होता, म्हणून काय तपासायचं ते कळलं. आपल्याकडे कृषी केंद्रात विक्रीचं रजिस्टर असतं, पण कोणी, कुठे, कशात मिसळून फवारलं याची तशी नोंद नाही. आपण प्रॉडक्शनवर टेस्टिंग करतो, जिवंत माणसांवर, आणि लॉगिंग बंद ठेवून.

आता आक्षेप.

पहिला, जाणकारांचा: ऑर्गनॉइड म्हणजे गर्भाच्या मेंदूसारखा कच्चा गोळा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पेशी रीसेट करताना तिचं वय पुसलं जातं, आणि हा रोग तर साठीतला. शिवाय बशीतला डोस म्हणजे शेतातला डोस नव्हे. सगळं खरं आहे. म्हणूनच बशीवरून कोणाला फाशी देऊ नका. पण स्मोक टेस्ट म्हणून ती पुरेशी आहे. स्मोक टेस्टमध्ये धूर निघाला तर आपण बिल्ड पुढे ढकलत नाही ना?

दुसरा: ही श्रीमंत देशांची चैन आहे. मग हे बघा. बंगळुरूमध्ये निम्हान्स, एनसीबीएस आणि इन्स्टेम या संस्थांनी मिळून मानसिक आजार असलेल्या भारतीय कुटुंबांच्या पेशींपासून अशा मूलपेशी केल्या आहेत. पार्किन्सनमध्ये गुठळ्या होणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनावर आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटानं केलेलं काम २०२० मध्ये 'नेचर केमिस्ट्री'त आलं. पुण्यात एनसीसीएस आहे. औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी पेशींवरच्या अशा पद्धती वापरायला भारत सरकारनं २०२३ मध्ये नियम बदलून वाट करून दिली. माणसं आहेत, यंत्रं आहेत, नियमही आहे. औषधासाठी चालतं तर विषासाठी का नाही?

शिवाय हे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही. पाश्चात्त्यांच्या पार्किन्सनमध्ये एलआरआरके-२ या जनुकातला एक ठरावीक बिघाड बराच सापडतो, आणि त्याच्यावर ढीगभर ऑर्गनॉइड बनलेत. तो बिघाड भारतीय रुग्णांत फार क्वचित सापडतो. आपल्या माणसाचं जनुक आणि आपल्या पंपातलं मिश्रण, हे कॉम्बिनेशन बोस्टनमध्ये कोण तपासणार?

तिसरा, आमच्या गावाकडचा: "मंग काय फवारू नोको? बोंडअळी काय तुहा ऑर्गनॉइड मारन?" रास्त प्रश्न. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनंही धुमाकूळ घातलाच होता. फवारू नका असं सांगायला माझी जीभ रेटत नाही, आमचं घर त्यावरच चाललं. मला एवढंच हवंय की दोन सारख्या औषधांतलं कुठलं मेंदूला कमी घातक, आणि कुठली दोन कधीच एकत्र टाकू नयेत, हे बाटली विकण्याआधी कोणीतरी तपासलेलं असावं.

म्हणजे मागण्या तीन. एक: कृषी केंद्रापासून वावरापर्यंत फवारणीची नोंद ठेवा. ज्या देशात पाच रुपयांच्या चहाचं पेमेंट मोबाइलवर नोंदलं जातं, तिथे हे अशक्य आहे असं निदान आयटीवाल्यांनी तरी म्हणू नये. दोन: जिल्ह्यात खरंच वापरली जाणारी मिश्रणं मानवी डोपामिन पेशींवर तपासा आणि निकाल मराठीत जाहीर करा. तीन: २०१७ मध्ये दवाखान्यात जाऊन वाचलेल्यांना पुढची वीस वर्षं दरवर्षी एकदा न्यूरॉलॉजिस्टनं तपासावं. मेलेले मोजले, वाचलेले मोजायचे राहिले. मोजता येतं हो. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन पार्किन्सनचे रुग्ण मोजले होते, तो अभ्यास १९८८ साली छापला गेला. लाखामागे ३२८. कॉम्प्युटर नसतानाच्या काळात.

असो. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडून गावी आलो. ही पोस्ट इथूनच लिहितोय.

मोठे बाबांना सगळं सांगितलं. क्योटो, सात माणसं, आयसीएमआर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे मंग. वावर राह्यलं त पोराच्या कामी येईन." मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात मोठी आई चुलीपासून उठून आली. "तू शिकला-सवरला हाय बापू, खरंच सांगत असशील. पण आता आमी कायची वाट पाह्याची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटी का होईना, मी त्यांची आशा काढून घेतली होती, आणि बदल्यात द्यायला एक पीडीएफ होती. क्लिनिकवाले जिंकतात ते इथेच. ते निदान काहीतरी देतात.

दुपारी मोठे बाबांजवळ वही घेऊन बसलो. म्हटलं, आजवर काय काय फवारलं ते सांगा. ते हसले. "नाव कोन पाह्यते? कृषी केंद्रवाला देते, आपन मारतो. लाल डब्बा, निळा डब्बा." पण मग स्वतःच उठले, थरथरत्या हातानं कपाटातून सातबाऱ्याची पन्नी काढली. तिच्यात तळाशी कृषी केंद्राच्या जुन्या पावत्या होत्या, उधारीच्या भांडणात लागतील म्हणून ठेवलेल्या. १९९८ पासूनच्या. निम्म्यांची शाई उडालेली.

संध्याकाळपर्यंत चौतीस ओळींची शीट झाली. वर्ष, पीक, औषध, किती. यानं मोठे बाबांचा हात थांबणार नाही. पण आमच्या घरात लॉगिंग सुरू झालं. तुमच्याही गावाकडच्या घरात अशी पन्नी असेल. पुढच्या सुट्टीत गेलात की शाई उडायच्या आत ती उघडा.